सहा सिग्नल आणि एक लाइन क्लिअर

वायरिंगच्या वहीत मी डावं पान आकृतीसाठी ठेवतो आणि उजवं चुकांसाठी. चूक लिहिली की त्या वेळी कोण काय बोललं, तेही आपोआप लिहिलं जातं. आमच्या रविवारच्या मंडळाची वही त्यामुळे उजवीकडूनच भरली!

मंडळ म्हणजे तिघं. वानखेडे काका, रेल्वेच्या केबिनमध्ये बत्तीस वर्षं सिग्नलचे लिव्हर ओढून रिटायर झालेले. साहू भैया, गोल बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान. आणि मी, रायपूर राजधानी झाली म्हणून भोपाळहून आलेला कारकून. बूढापारा मोहल्ल्यात काकांच्या घरी, बैठकीत लांब फळीवर आमची छोटी रेल्वे आकार घेत होती. दोन स्टेशनं, सहा सिग्नल, आणि प्रत्येक सिग्नलला हातानं चालवायचा एक स्विच लागणार होता.

दिवाळीनंतर काका-काकू मुलीकडे नागपूरला जाणार होते, कायमचे. काका म्हणाले, "तुह्या काकूनं माही केबिन कधी पाह्यली नाही. जायच्या आधी तिले एक गाडी नियमानं सोडून दाखवतो."

*

कधीच कशी पाहिली नाही? मी विचारलं.

"बाहेरच्या माणसाले वर येता येत नाही. एकदा डबा घेऊन आली होती. मी दोरी सोडून डबा वर घेतला."

"बायको बाहेरची?"

"ड्यूटीवर? हव!"

आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

*

मग स्विचच मिळेनात. शहरात जिकडेतिकडे ऑफिसं आणि बंगले उठत होते, साहू भैयाचा माल दुकानात उतरायच्या आधीच संपायचा.

"क्या करें काका, जिसको देखो राजधानी बना रहा है!"

"त्यायले थांबाले सांग. आमचं स्टेशन आधीचं आहे!"

पुढच्या रविवारी सहा स्विच आले.

*

पहिली मोठी चूक माझी. स्विचला मागे तीन पाय. मधल्याला करंट, वरच्याला हिरवा दिवा, खालच्याला लाल. दांडी वर केली की हिरवा लागणार, असा माझा सरळ हिशेब. सहाही स्विच मी मन लावून सोल्डर केले. दांडी वर केली, लाल लागला! अशा स्विचमध्ये दांडी वर गेली की जोड खालच्या पायाशी होतो, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मनोहर, हा स्विच नाही बे, तुह्या ऑफिसातला साहेब आहे. तोंड इकडे, काम तिकडे!"

सहाही उकलले, पुन्हा जोडले.

*

एका रविवारी चाचणी चालू असताना चार नंबरचा दिवा विझला. गाडी मी चालवत होतो, तशीच पुढे काढली. काकांनी इंजिन उचलून हातात घेतलं.

"विझलेला सिग्नल म्हणजे लाल! डोळे कुठं होते?"

"काका, खेळण्यातली गाडी आहे."

"पॅसेंजर खेळण्यातले आहेत का?"

साहू भैयानं डब्यात वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, पूरी खाली है।"

तरीही रेझिस्टर बदलेपर्यंत गाडी सुटली नाही.

*

लाल-हिरवी वायर संपली होती, म्हणून सगळीकडे पिवळीच ओढली. ओळखू यावी म्हणून प्रत्येक टोकाला मी कागदाची नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधली. चोवीस चिठ्ठ्या. पुढच्या रविवारी आलो तर फळीखाली लख्ख!

"किती कचरा लटकवून ठेवला होता," काकू म्हणाल्या. "सगळा काढला."

काका सेल आणि बल्ब घेऊन फळीखाली शिरले. एकेक वायर शोधायला दोन रविवार गेले.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. सहाही सिग्नल चोख. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंजिन लाल दिव्यापुढे उभं, काकांचा हात स्विचवर. पण हात हलेना.

"काय झालं, काका?"

"पुढच्या स्टेशननं रस्ता मोकळा आहे म्हटल्याबिगर गाडी सोडता येत नाही. लाइन क्लिअर लागते. तिकडं कोण आहे?"

पुढचं स्टेशन फळीच्या दुसऱ्या टोकाला होतं, स्वयंपाकघराच्या दाराशी. आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं.

काका घसा साफ करून म्हणाले, "अवो, जरा बाहेर या. लाइन क्लिअर देता का?"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. सहाही दिवे नीट पाहिले. मग स्टूल ओढून पुढच्या स्टेशनाशी बसल्या.

"बत्तीस वर्षं मी ताट झाकून वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. "आता पाहा थोडी."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. साहू भैयानं हळूच स्विचकडे बोट नेलं.

"हात लावू नको!" काका ओरडले. "लाइन क्लिअर नाही!"