मंगलाबाईचा कान

लाखनीत हायवेला लागून मंगलाबाईचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, बसायला बाभळीचा एक ओंडका आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पाने. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव आहे, 'सुखराम ऑटो'. ते बदला म्हणणाऱ्याला ती विचारते, "काहून? गाडी पाटी पाहून दुरुस्त होते का?"

सुखराम कार्बोरेटरचा मिस्त्री होता. सगळा जन्म इंजिनांच्या आवाजात गेला आणि चाळिशीतच त्याला ऐकू येईनासं झालं. कार्बोरेटरचं काम तर कानाचं. हवा किती, पेट्रोल किती, हे एका बारक्या स्क्रूवर ठरतं. तो आत पिळत न्यायचा, इंजिन अडखळलं की मागे फिरवायचा आणि आवाज एकसारखा झाला की थांबायचं. बहिऱ्यानं थांबावं कुठे? तेव्हा मंगलाबाई शेजारी उभी राहून ऐकू लागली. तो फिरवायचा, आणि स्क्रू बरोबर जागी आला की ती त्याच्या पाठीवर थाप मारायची. अकरा वर्षं नवरा-बायकोचं असं चाललं. तो गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेज उघडलं. लोक म्हणाले, बाईमाणूस काय करणार? ती म्हणाली, "कान माह्येच होते."

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं.

माझा बिछायतीचा धंदा आहे, लग्नकार्याला मांडव-भांडी भाड्यानं देतो. मांडवाचे बांबू, सतरंज्या, गंज, कढया, सगळं वाहायला एक जुनी पेट्रोल जीप आहे, मागचा भाग कापून तिचा पिकअप केलेला. दिवाळीआधी मंगलाबाईनं तिचं कार्बोरेटर खोलून, धुऊन, ट्यून करून दिलं. गाडी अशी पळाली की मी चार लोकांना थांबवून दाखवली. आणि दीड-दोन महिन्यांत काळा धूर! चढावर गचके, जरा थांबवली की बंद. प्रदूषणाच्या तपासणीत आकडा तीनच्या आत लागतो, माझा साडेसहा आला.

माझं डोकं तापलं. गॅरेजच्या समोर, रस्त्यापलीकडे कैलाशची चहाची टपरी आहे. तिथे उभा राहून मी चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, "बाईच्या हाती कार्बोरेटर देल्लं, माहीच अक्कल गेली होती!" तिनं ऐकलं. मान वर केली आणि पुन्हा कामात घातली. टपरीवरचा शब्द लाखनीत पायी फिरत नाही, मोटरसायकलवर फिरतो. पंधरा दिवसांत तिच्या दारात एकही गाडी उभी राहीना. मला त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

मी जीप भंडाऱ्याच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं स्क्रू दोन-चार वेळा इकडेतिकडे पिळला आणि सांगितलं, कार्बोरेटर गेलं, गाडी भंगारात घाला. परत येताना गाडी बंद पडली ती नेमकी मंगलाबाईच्या दारात. देवाला माझी थट्टाच करायची असेल, तर जागा त्यानं चांगली निवडली.

ती हात पुसत बाहेर आली. "ढकला इकडे."

"राहू द्या बाई. भंगारवाल्याले सांगून ठेवलं मी."

"गाडी तुमची हाय जी, विका नाही तर जाळा. पण माह्या हातचं काम खराब निघालं म्हणून बोलले ना तुमी? मग मले पाहू द्या. तोवर गाडी इथून हलत नाही."

आणि खरंच ती गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली. टपरीवरचे लोक चहाचे ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आले.

तिनं मला गाडी चालू करायला लावली. डोळे मिटून थोडं ऐकलं. "इचा दम कोंडून राहिला," ती म्हणाली, आणि कार्बोरेटरला हातही न लावता तिनं हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. या जुन्या गाड्यांत फिल्टरच्या तळाशी वाटीभर इंजिन ऑइल असतं. हवेतली धूळ त्यात अडकते. तिनं बोट घातलं. ते बुडेना. वाटीत आणि वरच्या तारेच्या जाळीवर पिवळट, चिकट डिंक जमला होता. तिनं बोट नाकाशी नेलं.

"जवस."

दिवाळीनंतर धानाच्या मळणीत कोंड्यानं फिल्टर भरला म्हणून मीच तो धुतला होता. घरात इंजिन ऑइल नव्हतं, जवसाच्या तेलाचा डबा होता. आमच्याकडे ते भाजीला चालतं, दाराच्या लाकडालाही चालतं. तेल म्हणजे तेल, म्हटलं, आणि ओतलं. लाकडावर ते सुकून घट्ट बसतं हे मला माहीत होतं, पण गाडीतही तसंच बसेल हे या डोक्यात आलं नाही.

"कोणं टाकलं?" तिनं विचारलं.

"भंडाऱ्याच्या गॅरेजवाल्यानं टाकलं असन." सरळ खोटं बोललो.

"गॅरेजवाले जवस ठेवतात का जी? गाडीले फोडणी देतात का?"

लोक हसले.

तिनं जाळी रॉकेलनं धुतली, वाटीत ऑइल भरलं. मग भंडाऱ्याला वेडावाकडा पिळलेला स्क्रू राहिला होता. सगळ्यांना तिनं गप्प केलं. हायवेवरचे ट्रक काही गप्प होईनात, तर ट्रक आला की ती थांबे आणि गेला की पुन्हा स्क्रू फिरवी. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. स्क्रू जागेवर आला तशी तिनं डाव्या हातानं बॉनेटवर थाप मारली. सुखरामच्या पाठीवर मारायची तशीच.

मग ती माझ्या शेजारी बसून पेट्रोल पंपावर आली. तिथे मनिष प्रदूषण तपासणीची व्हॅन लावतो. तो म्हणाला, "कायले सायलेन्सरात नळी घालाले लावता बाई? जुनी गाडी हाय. कागद असाच काढून देतो." मी लगेच खिशात हात घातला. तिनं माझं मनगट धरलं.

"नळी घाल. मले कागद नाही, आकडा पाहिजे."

आकडा आला एक पॉइंट नऊ.

गॅरेजवर परतल्यावर मी विचारलं, "किती झाले, बाई?"

"जिथं उभं राहून बोलले तिथंच उभं राहून बोला. तेवढेच झाले."

"सांगतो ना एकेकाले."

"तवा एकेकाले बोलले होते का?"

मी रस्ता ओलांडला. टपरीवर आठ-दहा जण होते. कैलाशनं गाळणी हातात तशीच धरून ठेवली. मी खाली पाहत पुटपुटलो, "कार्बोरेटर बराबर होतं. जवसाचं तेल मीच टाकलं होतं."

इंजिनाचं केसाएवढं अडखळणं ओळखणारी ती बाई रस्त्यापलीकडून ओरडली, "ऐकू नाही आलं जी! जोरानं!"

मी मान वर केली आणि जोरानं बोललो.