मऊशेठची कडक गादी

गादीवाल्याला सगळी गल्ली मऊशेठ म्हणायची आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. गादी शिवून झाली की ते गिऱ्हाइकासमोर तिच्यात मूठ दाबायचे. मूठ आत बुडाली की असे हसायचे, जणू कापूसही त्यांनीच पिकवलाय.

मुलीचे दिवस भरत आले तसं दुकान बाजूला पडलं. येणाऱ्या नातवंडासाठी सावरीच्या कापसाची गादी, उशी, दोन लोड आणि दुलई असा सगळा थाट तयार झाला. नात झाली. मायलेकी दवाखान्यातून माहेरी आल्या, तर मऊशेठ गाठोडं घेऊन दारातच उभे.

लेकीने गादीत मूठ दाबली. मूठ बुडाली. मऊशेठ हसले, लेक काही हसली नाही.

"बाबा, ही नको. नर्सबाईंनी बजावलंय. बाळाला पाठीवरच झोपवायचं, तेही कडक, सपाट गादीवर. जवळ उशी, लोड, दुलई काही ठेवायचं नाही."

"मग फरशीवर टाकतेस का माझ्या नातीला?" मऊशेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू कशावर झोपलीस लहानपणी? आहेस ना धडधाकट?"

"आहे. पण झोपेत बाळं दगावतात, बाबा. मला भीती वाटते."

एवढ्यावर गप्प बसतील तर ते मऊशेठ कसले! आपल्या मालात खोट नाही हे दाखवायला त्यांनी उशी जमिनीवर ठेवली आणि तिच्यात तोंड खुपसून पालथे पडले. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "आता ह्यांना काय झालं?"

उशी मऊ होती, त्यात वादच नव्हता. ती दोन्ही गालांवरून वर आली आणि नाक पार बुजलं. मऊशेठनी थोडा वेळ इभ्रत सांभाळली, मग लालबुंद होऊन धापा टाकत उठले.

"तुम्ही मान उचललीत," लेक हळूच म्हणाली. "तिला अजून उचलता येत नाही."

 मऊशेठ गाठोडं उचलून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळाच्या कठड्याच्या पलंगाचं माप घेतलं. कडेला बोटभरही फट राहायला नको होती. मग कापूस ठासून ठासून भरला आणि जवळजवळ टाके घातले. सवयीचे हात मधेच कापूस मोकळा करायला बघत. मऊशेठ त्यांना दटावत. येणारी-जाणारी माणसं विचारत, "शेठ, आता फळ्याही विकता का?"

संध्याकाळी त्यांनी गादी लेकीसमोर ठेवली आणि मूठ दाबली. मूठ वरच राहिली. हसावं की नाही ते कळेना, म्हणून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने गादीवर चादर ताणून बसवली आणि बाळाला पाठीवर ठेवलं. नात हात पसरून झोपून गेली.

"सगळ्या गल्लीला मऊ," बायको कुजबुजली, "आणि नातीलाच फळी?"

"गल्लीला मान उचलता येते," मऊशेठ म्हणाले आणि नातीची इवलीशी छाती वरखाली होताना बघत बसले.