चालून राहिली

ओल्या रंगाचा वास आला, की मी आजही थेट अकोल्याच्या आमच्या अंगणात जाऊन उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक भंगार पिकअप गाडी मी वर्षभर खपून तिथं उभी केली होती. डिझेल इंजिन नवं, गाद्या नव्या, रंग तर नवरीच्या शालूसारखा हिरवागार! वकील असलेल्या बाबांची अट एकच होती, "विकली तर गॅरेज काढ, नाही तर काळा कोट चढव."

गिऱ्हाईक आलं ते नेमकं पुण्याचं.

"गाडी चालते ना?"

मी छाती फुगवून म्हणालो, "चालून राहिली ना जी!"

"राहिली? म्हणजे बंद पडली! मग बोलावलंत कशाला?" असं म्हणून गृहस्थ निघालेसुद्धा. डोळ्यांपुढं काळा कोट लोंबू लागला.

तेवढ्यात ओसरीवरून बाबा गरजले, "थांबा साहेब! आमच्याकडं 'चालून राहिली' म्हणजे चालूच आहे!" मग माझ्याकडं वळून, "पाहून काय राहिला बे? कर ना सुरू!"

इंजिन धडधडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. गाडी विकली गेली.

तेव्हा वाटलं, मी बाबांवर बाजी मारली. आता कळतं, ते नुसते गप्प बसले असते, तरी जिंकले असते.