धरणकाठची ओहोटी

आमची आई धरणाकडं पाठ करून बसते. अंगणात खाट टाकली तरी तोंड उसाकडं. इंदापूरच्या बाजाराला निघाली तरी एसटीत पाण्याच्या बाजूची खिडकी तिला नको. तिचं माहेर त्या पाण्याखाली गेलंय, लग्नानंतर चारदोन वर्षांतच. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या गावाची जमीन उघडी पडते आणि लोक हौसेनं बघायला जातात. आईला कुणी चल म्हटलं की म्हणते, "मेलेल्याचं तोंड किती येळा बघायचं?"

मीही तिचीच लेक, हट्टाला कमी नाही. मी बारामतीला शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या हिवाळ्यात कोकणात समुद्रकाठी महिनाभर राहिले. गेले चित्रं काढायला आणि खेकडेच बघत बसले. ओहोटी लागली की बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतलं खाणं चाखतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्यांची फुलं उमटतात. भरती येते, सगळं पुसून नेते. पुढच्या ओहोटीला पठ्ठे पुन्हा हजर! त्यांचा असा लळा लागला की निघताना मला रडू आलं. हसा खुशाल.

घरी परतले ती एकच खूळ घेऊन. असं काहीतरी आपल्या धरणकाठी करायचं आणि आईला ते बघायला न्यायचं. आमची ओहोटी वर्षातून एकदाच लागते, एवढाच काय तो फरक. मे महिन्यात सुट्टीला माहेरी आले आणि रोज सकाळी आईच्या जुन्या गावच्या शिवारात जाऊन ओल्या गाळाचे गोळे वळायला लागले. चांगले लाडवाएवढे. गोल गोल फेर धरून मांडत गेले. पाठ भाजली, नखं काळी झाली. मासे धरायला निघालेली माणसं विचारायची, "ताई, कसली पूजा हाय?" मी म्हणायचे, "खेकड्याची." बिचारे गपगुमान पुढं जायचे.

आई ढिम्म. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तितं हिरीचा कठडा दिसतोय का गं?"

"दिसतो की."

भाकरी उलटून तिनं हात झटकला. "रविवारी येते. पर या एकाच बारीला."

मला आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी सकाळी आईच्या आधी एक चक्कर टाकावी म्हणून गेले, तर काठ साफ! एक गोळा शिल्लक नाही, नुसत्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात आमच्याकडं लोक धरणाचा गाळ ट्रॉलीनं नेऊन रानात पसरतात, उसाला फार मानवतो. मी तणतणत चुलत्यांच्या दारात. तात्या चहा पीत बसलेले, ट्रॅक्टर शेजारीच.

"तात्या, माझे गोळे कुणी नेले?"

"मीच की!" तात्या खुशीत. "एवढा गाळ येचून ठिवलास, म्हटलं पोर एकटी किती राबंल? समदा तुमच्याच वावरात टाकून आलो बघ."

आता काय बोलावं या माणसाला? भांडावं तर उपकार केलेले. तरी मी भांडलेच. "अहो, ती कला होती!"

तात्यांनी कप खाली ठेवला. "आगं, मग पाटी तरी लावायची!"

घरी आले तर आई ठेवणीतलं इरकल नेसून, केस चोपून, दारात तयार. तिला बघून मला हुंदकाच फुटला. "राहू दे आई. गेलं सगळं. तात्यांनी आपल्या वावरात नेऊन टाकलं."

"काय टाकलं?"

"गाळ. तुझ्या गावचा."

आईनं चपला काढल्या आणि अनवाणीच वावराकडं निघाली. ऊस तुटून गेलेला, रान मोकळं, त्यात काळे ढीग. काही गोळे अजून अख्खे होते. तिनं एक उचलला, नाकाशी धरला आणि मटकन खाली बसून लहान पोरीगत रडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

डोळे पुसून म्हणाली, "तांब्याभर पाणी आण."

मला वाटलं प्यायला. मी आणलं. तिनं ते त्या गाळावर हळूहळू ओतलं. "म्हायेरचं माणूस दारात आलं, पायावर पाणी नको घालाया?"

मग तो एक गोळा पदरात बांधून ती उठली.

"आता कुठं?" मी विचारलं.

"आल्यालं माणूस येशीपतूर पोचवाया जात्यात," आई म्हणाली आणि माझ्या पुढं धरणाच्या वाटेला लागली.