चिखलाचा फोटो येत नाही

आमची इमारत बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाजणाच्या कडेला आहे. भरतीला खाडीचं पाणी आत येतं, ओहोटीला निघून जातं आणि मागे लांबवर नुसता चिखल उरतो, ते खाजण. अशा जागी बांधकाम करायचं तर निसर्गाची भरपाई हवी, म्हणून बिल्डरकडून विकास शुल्काबरोबर ‘वन्यजीव अधिवास संवर्धन शुल्क’ घेतलं गेलं. बिल्डरने ते आमच्याकडून घेतलं. पक्ष्यांची जागा आम्हीच बळकावली होती, पण पैसे भरल्यावर सोसायटीतला प्रत्येकजण दानशूर असल्यासारखा वागू लागला.

त्या पैशांतून काय करणार हे सांगायला एक सरकारी साहेब आमच्या पार्किंगमध्ये आले. मी सोसायटीची सेक्रेटरी. खुर्च्या, माईक, पंखा, पाणी, अशी यादी करून मी सगळं वेळेत मांडलं होतं. साहेब उशिरा आले आणि त्यांनी थेट पडद्यावर निळंशार तळं दाखवलं. खाजणाच्या बांधात एक जुनी उघाडी आहे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दार. ती कायमची बंद करायची आणि पाणी बारा महिने भरलेलं ठेवायचं. काठाने फरशीचा रस्ता, रंगीत दिवे, जाळीचं कुंपण आणि मधोमध फायबरचे फ्लेमिंगो.

टाळ्या वाजल्या.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी खाजणावर उघडते. पाणी उतरलं की पक्षी येतात, चिखलात चोची खुपसून खातात, पाणी चढलं की उठून जातात. भाकऱ्या थापताना हे रोज दिसतं; त्यासाठी पडदा लागत नाही. मी उठून विचारलं, “दार बंद केलंत तर चिखल उघडा पडणार नाही. मग पक्षी खाणार काय?”

“मॅडम, चिखलाचा फोटो येत नाही,” साहेब म्हणाले. अगदी गंभीरपणे.

“ताई, जरा पॉझिटिव्ह राहू या,” आमचे चेअरमन म्हणाले. “फ्लॅटचे भाव वाढतील.”

मागे खांबाला टेकून मावशी उभी होती. ती आमच्या गेटवर शिवल्या, म्हणजे चिखलात मिळणाऱ्या खायच्या शिंपल्या, विकते. ओहोटी लागली की ती आणि तिच्या दोन जावा खाजणात उतरून त्या गोळा करतात. नवऱ्याची होडी विकल्यापासून तिचं घर त्याच चिखलावर चालतं.

“बाय, पाखरांचं काय घेऊन बसलीस?” ती मोठ्याने म्हणाली. “माझ्या शिवल्यांचं बोल. दार लावलं तर आमी उतरायचं कुठं?”

मी साहेबांना तेही विचारलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. “स्थानिक महिलांना पक्षीमित्र प्रशिक्षण देणार आहोत. टोपी आणि शिट्टी मिळेल.”

“शिट्टीचं कालवण करू?” मावशी म्हणाली.

पार्किंगमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि विषय तिथेच संपला.

मी लेखी हरकत दिली, पोच घेतली, पाठपुरावा केला. शेवटी उत्तर आलं की आपल्या सूचनेचे स्वागत आहे. तोवर उघाडीवर लोखंडी पत्रा बसला होता. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हाती दुर्बीण दिली गेली. त्यांनी बराच वेळ फायबरचे पक्षी न्याहाळले. ते हलत का नाहीत, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. खरे पक्षी आले, वर दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेले.

मावशी गेटवर दिसेनाशी झाली. एकदा औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्यावर भेटली. कँटीनमध्ये भांडी घासायला लागली होती. “माझी बदली झाली, बाय,” म्हणाली.

पुढे व्हायचं ते झालं. कोंडलेलं पाणी हिरवं पडलं, मग त्याला वास सुटला, मग डास. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच खिडक्यांना जाळ्या मारल्या. चेअरमनच्या घरी दोघांना ताप आला आणि तातडीची सभा बोलावली गेली. “हे दार उघडलंच पाहिजे,” ते टेबलावर हात आपटत म्हणाले, जणू ‘दार लावा’ म्हणणारे मी आणि मावशी होतो. त्याच आठवड्यात पत्रा कापायला माणूस आला. पक्ष्यांच्या उपासमारीने जे हललं नाही, मावशीच्या पोटाने जे हललं नाही, ते एका डासाने हलवलं. हा खर्चसुद्धा संवर्धनाच्याच निधीतून झाला. नवा फलकही लागला: ‘अधिवास पुनरुज्जीवन प्रकल्प’.

चिखल उघडा पडायला लागला. पक्षी परतले, पण दिव्यांपासून लांब, पलीकडच्या काठाला. एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर मावशी आणि तिच्या जावा खाली वाकलेल्या. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात वर दुमडलेली होती. मावशीची पिशवी फायबरच्या फ्लेमिंगोच्या मानेला लटकत होती. त्या पक्ष्याचा कोणाला तरी उपयोग झाला, तो तेवढाच.

दुपारी ती टोपली घेऊन गेटवर बसली. शिवल्यांचा भाव वाढला होता.

“मावशी, एवढा वाढवलात?”

“दार लावायचं पैसं तुमी भरलं, उघडायचं तुमीच भरलं,” ती वाटा लावत म्हणाली. “मधल्या दिसांचं माझं कोन भरंल?”

मी भरले. माझ्या मागे चेअरमन उभे होते. ते घासाघीस करत राहिले.