सर्फ कशाला म्हणायचं?

माझे धाकटे दीर मुंबईत गोदीत फिटर होते. संध्याकाळी कामावरून सुटले की चौघा मित्रांचा त्यांचा बँड जमायचा. दोन गिटारी, एक जाड तारांची बेस गिटार आणि ड्रम. गाणारा कोणी नाही, नुसतं वाजवायचं. साठीच्या दशकाच्या मध्यावर एका गणपतीत ते महाडला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर बँडमधला वसईचा ख्रिस्ती मित्रही होता. उंच, सावळा, बोलायला अगदी हळू. पण एसटीतून उतरून घरी येईपर्यंत दोघांचं काहीतरी बिनसलेलं होतं, हे मला चहा देतानाच कळलं.

कारण असं होतं. नाताळातल्या एका नाचाच्या कार्यक्रमासाठी त्यांना बोलावणं आलं होतं. बोलावणाऱ्यांना 'सर्फ' वाजवणारा बँड हवा होता. अमेरिकेत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या पोरांचं ते संगीत, असं भावजींनी मला समजावलं. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "ती कपडं धुवायची पावडर ना रं?" आणि भांडण चाललेलं असूनही दोघं हसले.

"बिनगाण्याचं गिटारवरचं वाजवणं म्हणजे सर्फ," भावजी म्हणाले. "आपण वाजवतो ते सगळं त्यातच येतं."

"नाही येत," मित्र म्हणाला. "आपण ज्या इंग्लंडच्या बँडचं वाजवतो ते गोड आहे, मलाही आवडतं. पण ते सर्फ नव्हे. सर्फमध्ये तार थांबत नाही, सारखी थरथरते. आणि आवाज ओला पाहिजे, घुमणारा. आपल्याकडे तशी फार तर चार गाणी आहेत. उरलेला वेळ लोकांना काय ऐकवणार?"

भावजींनी मुंबईहून आणलेली रेकॉर्ड लावली. कव्हरवर मोठी निळी लाट होती. वाजलं ते मला घोड्यावरून कोणीतरी रमतगमत चालल्यासारखं वाटलं. भावजींनी कव्हर वर धरून दाखवलं, तसा मित्र म्हणाला, "मी समुद्राकाठचा आहे. कव्हरवर लाट छापली म्हणून आतलं पाणी खारं होत नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना शिवथरच्या घळीत दर्शनाला जायचं होतं. यांना कोर्टातून रजा मिळेना, म्हणून आम्ही चौघंच निघालो. भावजींनी गिटार खांद्याला अडकवली. घळीपाशी आवाज आपोआप घुमेल, मग याला दाखवतो, असं त्यांच्या मनात होतं. दर्शन झाल्यावर ते बाहेर एका दगडावर बसले आणि वाजवू लागले. धबधबा भरून कोसळत होता. बोटं तारांवर पळताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. मित्राने कानामागे हात धरला, मान हलवली. भावजींचा चेहरा इतका उतरला की मला वाईट वाटलं. गिटार पुसून त्यांनी पिशवीत घातली आणि परतीची वाट धरली.

एसटी यायला वेळ होता. आम्ही फाट्यावरच्या आंब्याखाली बसलो. उन्हं उतरत होती. तिथे वाद पुन्हा सुरू झाला. आता भावजी म्हणत होते, सूर तेच, गिटार तीच, मग नाव वेगळं कशाला? मला राहवलं नाही.

"भावजी, सूर तेच असून राग वेगळा असतो," मी म्हणाले. "भूप आणि देशकार. दोघांत तेच पाच सूर."

"मग फरक कशात?"

फरक बोलून सांगता येण्यासारखा नव्हता. लग्नाआधी पुण्यात मी काही वर्षं गाणं शिकले होते. सासरी कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गाणं सुटलं, एवढंच. पण त्या दिवशी दोघंही उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत होते. मी आधी भूप गायले, गंधारावर विसावत, खालच्या सुरांत सावकाश फिरत. पहिला सूर खरखरीत लागला. मग देशकार, वरच्या धैवताकडे पुन्हा पुन्हा झेपावणारा. तो सकाळचा राग, मी संध्याकाळी गात होते. गुरुजी असते तर रागावले असते. हळूहळू आवाज मोकळा झाला, आणि मग फरक दाखवायचा आहे हेही मी विसरले.

थांबले तेव्हा मित्र म्हणाला, "हेच. तेच सूर, पण चाल वेगळी. हेच मी याला सांगत होतो."

"पण वहिनी, गाणारी तर एकच," भावजी म्हणाले. "दोन्ही गाता आली. मग एका बँडने दोन्ही का वाजवू नये?"

"वाजवा की. देशकाराला भूप म्हणू नका, म्हणजे झालं."

सासूबाई मघापासून पदराने तोंड पुसत होत्या. घाम नव्हता. त्या पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. म्हणाल्या, "गो, तुला येवढं येतं आन् घरात कुनाला ठावं नाय? कुनी गप ऱ्हा म्हणालं व्हतं काय तुला?"

"नाही, आई."

"मंग?"

तेवढ्यात एसटी आली.

त्या रात्री गणपतीच्या आरत्या झाल्यावर सासूबाईंनी सगळ्या आळीसमोर फर्मावलं, "आता ही म्हणंल." हे चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. मी भजन म्हटलं. दुसऱ्या कडव्याला त्या वसईच्या पाहुण्याने गिटारवर हलकेच सूर धरला. कोणी नावं ठेवली नाहीत. शेजारच्या काकूंनी तर आणखी एक म्हणायला लावलं.

नाताळातला कार्यक्रम त्यांनी घेतला. भावजी पुढे शिमग्याला आले तेव्हा त्यांनी सांगितलं, की मित्र प्रत्येक धून वाजवण्याआधी पुढे येऊन सांगायचा, "हे सर्फ आहे," किंवा "हे सर्फ नाही, पण चांगलं आहे." पहिल्यांदा लोक गोंधळले. मग त्यांनाच गंमत वाटू लागली आणि 'नाही' म्हटलं की टाळ्या जास्त पडू लागल्या. ज्यांनी बोलावलं होतं ते जरा नाराज झाले. पुन्हा बोलावणं आलं नाही. पण बँड फुटला नाही, आणखी काही वर्षं ते चौघं एकत्र वाजवत राहिले.

त्याच शिमग्यानंतर सासूबाईंनी माझ्यासाठी माहेरच्या ओळखीतून एक जुनी पेटी आणवली. तिच्या दोन पट्ट्या दबत नव्हत्या. दुपारी जेवणं आटोपली की मी ओटीवर बसायचे, आळीतल्या तीन मुली शिकायला यायच्या, आणि आत तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई एखादी मुलगी बेसूर झाली की सूप आपटून थांबवायच्या.