मागे चालणाऱ्या मावशी

"जा पुढे. मी आहे ना मागे."

हे म्हणताना मावशी उजव्या हाताचा पंजा असा हलवायच्या, की जणू अंगणात शिरलेल्या कोंबड्या हुसकावतायत. कोंबड्या म्हणजे आम्ही. कुणी बँकेतला, कुणी रेल्वेतला, कुणी रिफायनरीतून निवृत्त झालेला. सगळे पोटं सुटलेले बडोदेकर. आम्ही मराठी मंडळी त्यांना मावशी म्हणायचो, गुजराती मंडळी मासी म्हणायची. नावाने हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, बडोद्याला कुठले आलेत डोंगर? मीही तेच म्हणालो होतो. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून चष्मा काढला आणि "चाला" एवढंच सांगितलं, तेव्हा जयेशभाईंच्या रविवारच्या मंडळात मी नाइलाजाने शिरलो. पहाटे दांडिया बाजारातून व्हॅन निघायची. हालोल मागे टाकलं की पावागडाच्या पाठीशी काटेरी झुडपांचे बुटके डोंगर लागतात. यात्रेकरू तिकडे फिरकत नाहीत. बोरी, निवडुंग, घाणेरी, गांडो बावळ म्हणजे आपली वेडी बाभूळ, आणि मोज्यांत घुसून दिवसभर टोचणारी कुसळं. सावली नावालाही नाही. पण धारेवर पोचलं की दोन्ही बाजूंनी वारा येतो आणि बँकेतली सगळी माणसं एकदम क्षुल्लक वाटायला लागतात. मी रमलो तिथे.

त्या डोंगरांत खऱ्या वाटा कमी आणि शेळ्यांच्या वाटा फार. म्हणून आमचा एक रिवाज होता. वाट फुटली की पुढचा माणूस चुकीच्या वाटेवर एक फांदी आडवी टाकायचा. मागच्यांनी समजून घ्यायचं, इकडे जायचं नाही. आणि सगळ्यांत मागे चालणाऱ्याने ती फांदी उचलून बाजूला ठेवायची. हा दुसरा भाग मावशींचा. "आपल्याला चुकीची असेल, पण शेळ्यावाल्यांची ती रोजची वाट आहे," त्या म्हणायच्या. "लोकांच्या दारात काठी टाकून जायचं नाही."

मागे चालण्याचा हक्क त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मी एकदा सभ्यपणा म्हणून "मावशी, तुम्ही व्हा पुढे" म्हणून पाहिलं. लगेच पंजा हलला. मी कोंबडी झालो आणि निमूट पुढे गेलो.

व्हॅनमध्येही त्या मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसायच्या, न्याहारीला पाठीशी दगड घेऊन. मला वाटायचं, केवढा हा साधेपणा. आणि ऐकायच्या तर अशा, की समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर हलत नसे. मी एकदा त्यांना आमच्या मॅनेजरची अख्खी कुळकथा ऐकवली. घरी येऊन बायकोला म्हटलंसुद्धा, "इतकं मन लावून तू तरी कधी ऐकलंस का माझं?" ती म्हणाली, "त्यांनी पहिल्यांदाच ऐकलंय. माझं पाठ झालंय."

आता त्या रविवारची गोष्ट सांगतो. थंडी होती. सुरेशभाई नावाचे एक निवृत्त साहेब पहिल्यांदाच आले होते. आमचा नियम असा, की झुडपाआड जायचं असेल तर आधी मावशींना सांगून जायचं. आम्ही जुनी मंडळी करंगळी दाखवून मोकळे व्हायचो. पण सुरेशभाई पडले नवे आणि भिडस्त. साठीच्या पुढच्या बाईला असलं काही कसं सांगायचं? ते गुपचूप एका बोरीआड सरकले. बाहेर येऊन बघतात तर मावशी पुढच्या वळणावर. त्यांनी हाका मारल्या. मावशी चालत राहिल्या, फाटा आला, मावशींनी फांदी उचलून बाजूला ठेवली आणि आमच्या मागोमाग आल्या. सुरेशभाई फाट्यावर आले तेव्हा दोन्ही वाटा सारख्याच उघड्या होत्या. त्यांनी उताराची धरली.

खालच्या तळ्यापाशी उतरल्यावर, सुरेशभाई नाहीत हे आमच्या लक्षात आलं. मग शोधाशोध. फोन लागेना. जयेशभाईंचा चेहरा पांढराफटक, आणि मावशी सगळ्यांच्या आधी परत धारेवर चढल्या. उन्हं कलायला लागली तेव्हा एक शेळ्यावाली बाईच साहेबांना घेऊन आली. पाय मुरगळलेला, शर्ट काट्यांनी फाटलेला, बाकी सुखरूप. शेळ्यांच्या वाटेनेच गेले होते, म्हणून तिला सापडले.

पाणी पिऊन झाल्यावर सुरेशभाई म्हणाले, "में केटली बूम पाडी! मासीए सांभळ्युंज नहीं." मी इतक्या हाका मारल्या, मासींनी ऐकलंच नाही. रागाने नव्हे, नवलाने म्हणाले.

मावशी आमच्याकडे पाठ करून दगडावर बसल्या होत्या, मोज्यातली कुसळं काढत. मी म्हटलं, "मावशी." त्या कुसळं काढत राहिल्या. जयेशभाईंनी जरा मोठ्याने हाक मारली. तरी त्या वळल्या नाहीत. शेवटचं कुसळ टाकून त्यांनी मान वळवली, आमचे चेहरे पाहिले, आणि त्यांना कळलं.

"कधीपासून हाका मारताय?" त्यांनी विचारलं.

गोरव्याच्या एका कारखान्यात त्या प्रेस मशीनशेजारी उभ्या राहून पत्र्याचे भाग तपासायच्या. तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत. कापसाच्या बोळ्यांनी काय होणार? डावा कान केव्हाच गेला होता, आणि उजवा समोरच्याचे ओठ दिसले तरच कामाचा. "मागून कुणी बोललं तर मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी मागे कुणी ठेवलंच नाही."

मग म्हणाल्या, "घरी वाटतं, म्हातारीचं लक्ष नसतं. वाटू दे. मुलाला कळलं तर माझा रविवार बंद करेल. मग राहिलं काय?"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्या मॅनेजरच्या कुळकथेसाठीही.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. गॅलरीत बूट धुऊन, वाळवून, आत कागदाचे बोळे कोंबून ठेवले होते. "कामवालीच्या मुलीला होतील," त्या म्हणाल्या. मुलाला त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. "भलतंच काही झालं असतं त्या माणसाचं, तर मी कुठल्या तोंडाने राहिले असते?"

मी त्यांच्या समोर बसून, तोंड नीट दिसेल असं, निरोप दिला. मंडळाने ठरवलंय, मावशींनी आता सगळ्यांत पुढे चालायचं.

"पुढे? म्हणजे सगळेच मागे की."

"पुढच्याने फक्त वाट बघायची. मागचं आम्ही ऐकू. आणि सुरेशभाई तुमच्या मागोमाग काठी घेऊन चालणार. थांबायचं असेल तर खांद्याला काठी लावणार. त्यांनीच मागून घेतलंय हे काम."

मावशी बराच वेळ हसत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या. मुलगा आतून सगळं ऐकत होता. त्याने येऊन बुटांतले बोळे काढले. कानाला मशीन लावण्याच्या अटीवर रविवार मंजूर झाला. मशीन त्यांनी लावलं, पण धारेवर पोचलं की डबीत जायचं. "त्यात वारा फार ओरडतो," म्हणायच्या.

शेवटची जागा माझ्याकडे आली. दिवसभर मावशी मला दिसत नसत, फांद्या तेवढ्या दिसत. त्या ओली फांदी कधी तोडायच्या नाहीत. वाळकी, हाताएवढी, आणि टोक बरोबर वाटेकडे वळवून ठेवलेली. प्रत्येक फाट्यावर ती दिसली की कळायचं, मावशी ठीक आहेत, पुढे गेल्यात. मी ती उचलून बाजूला ठेवायचो आणि पुढच्या फाट्याची वाट बघत चालायचो. दोन हिवाळे असे गेले.

गेल्या पावसाळ्यात मावशी झोपेतच गेल्या.

दिवाळीनंतर मंडळ पुन्हा निघालं. आता पुढे सुरेशभाई असतात. ते फांदी म्हणून अख्खं झुडूप ओढून टाकतात. बाजूला करताना माझी कंबर जाते. त्या दिवशी ते ज्या फाट्यावर चुकले होते, तिथे त्यांचं झुडूप हटवताना खाली, कडेच्या दगडापाशी, मागच्या हिवाळ्यातली एक वाळकी फांदी दिसली. हाताएवढी. मीच तिथे ठेवली असणार.

ती हातात घेतली. मंडळी वळणापलीकडे गेली होती. सवयीने मागे पाहिलं, हाक येते का ते ऐकलं. मागे कुणी नव्हतं. फांदी पुन्हा बाजूला ठेवली, शेळ्यांच्या आड येणार नाही अशी. मग मी मोठ्याने बोललो, कारण हळू बोललेलं त्यांना कळत नसे.

"जा मावशी पुढे. मी आहे ना मागे."